सोफ्याखालचा हात

आमचा व्यायामवर्ग बंद पडला तो एका उघड्या तोंडामुळे.

तोंड माझं नव्हतं. (माझं तोंड कायम उघडं असतं असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे, पण तो विषय वेगळा.) तोंड होतं बांधकाम तपासणी खात्यातल्या एका साहेबांचं. आमच्या हॉलच्या बरोबर खाली दातांचा दवाखाना. त्या दिवशी सकाळी वर माझ्या अकरा जणी आणि मी उड्या मारत होतो, आणि खाली साहेब खुर्चीत उताणे पडून आ वासून होते. आमची चाळिसावी उडी पडली आणि छताचा एक पोपडा सुटला. तो इकडे नाही, तिकडे नाही, थेट साहेबांच्या तोंडात.

शहरात एवढी माणसं आहेत, त्यातली निम्मी तरी रोज दात दाखवत फिरत असतील. पोपड्याने त्यातून नेमका बांधकाम तपासणीवाला गाठावा? डॉक्टर नंतर हळहळले. "ताई, दुसरा कुणी असता तर चूळ भरायला लावून विषय मिटवला असता हो मी."

साहेबांनी चूळ भरली, पण विषय मिटवला नाही. दुपारी चारच्या आत हॉलच्या दाराला कुलूप, कुलपावर लाखेचं सील आणि शेजारी एक कागद: 'मजल्याच्या मजबुतीची तपासणी होईपर्यंत सदर जागेत सामूहिक उड्या मारण्यास मनाई आहे.' म्हणजे एकटीने गुपचूप मारली तर चालेल की काय, हे कागदावर नव्हतं. आणि कुलूप लावल्यावर ती कुठे मारायची, हेही नव्हतं.

आता कुणी म्हणेल, एक हॉल गेला, दुसरा बघ. माझा नवरा तसं म्हणालाच. त्याला काय सांगू? सकाळी साडेसात ते साडेआठ हा चोवीस तासांतला एकच तास असा होता, की ज्यात मला कुणी 'आई' म्हणत नव्हतं, 'सूनबाई' म्हणत नव्हतं, आणि 'अगं, माझा दुसरा मोजा कुठाय' असंही विचारत नव्हतं. आणि माझ्या त्या अकरा जणी! बहात्तर वर्षांच्या मोठ्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. कपडे शिवून शिवून पाठ धरलेल्या शिवणताई. बँकेत काउंटरवर बसणारी कॅशियर. आणि बाकीच्या आठ. माझ्या लेकीच्या, चिमीच्या वेळी मी सात महिने घरी होते, तर या माझ्यासाठी थांबल्या होत्या. दुसरीकडे गेल्या नव्हत्या.

पण तेव्हा चौकात काचेचा जिम नव्हता. आता होता. आमचं दार सील झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या काचेवर भलामोठा फलक लागला: 'पहिला महिना मोफत.' भिंतीला कान असतात म्हणतात, पण जिमच्या मालकाला दुर्बीण असावी. माझ्या अकरा जणी एकदा त्या दारातून आत गेल्या, की माझ्यापाशी उरणार होती एक शिट्टी. आणि ती चिमी चावत असते.

तेव्हा मी पदर खोचला (ट्रॅकसूटला पदर नसतो, पण मनाने खोचला) आणि तपासणी खात्याच्या कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक सहा.

"व्यवसाय?" आतल्या कारकुनांनी मान वर न करता विचारलं.

"व्यायामवर्ग."

त्यांनी एका लांबलचक यादीवरून बोट फिरवलं. "व्यायामवर्ग नाहीये. नृत्यशाळा आहे. नृत्य करता?"

"नाही."

"गोदाम?"

"नाही हो."

"तक्रार हादऱ्यांची आहे ना? मग हे घ्या. 'हादरे निर्माण करणारी यंत्रे'. यात छापखाने वगैरे येतात." त्यांनी लिहायला घेतलंसुद्धा. "यंत्रं किती?"

"अहो, यंत्रं नाहीत. बायका आहेत."

"ताई, मागे रांग आहे. संख्या सांगा."

"अकरा."

"सगळ्यात जुनं?"

"बहात्तर वर्षं."

आता त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चालू स्थितीत?"

"उत्तम. फक्त डावा गुडघा."

"नियमित तपासणी होते?"

"दर तीन महिन्यांनी. साखर आणि रक्तदाब."

हे सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, शिक्का मारला आणि तपासणीची तारीख दिली. एकोणीस दिवसांनंतरची. "साहेब खाली दवाखान्यात उभे राहतील. तुम्ही वर तुमचं जे काय ते चालवायचं. हादरा लागला तर जागा कायमची बंद. नाही लागला तर परवाना."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत यंत्रं बंद. गंजू नयेत म्हणून काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

मोठ्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "डावा गुडघा लिहिलास? उजवाही लिहायचास. अर्ज अपूर्ण ठेवू नये."

गंजू नये यासाठी सल्ला द्यायला आमचे शेजारचे काका होतेच. काका निवृत्त झाल्यापासून सल्ला हाच त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय आहे आणि तो कधीही सील होत नाही. ते म्हणाले, "गच्ची! मोकळी हवा! एवढी साधी गोष्ट सुचू नये?" म्हणून एका सकाळी गच्चीवर गेलो. जेमतेम वीस उड्या झाल्या असतील, तोच सर्वांत वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिना चढून आले. डोक्यावरचा पोपडा उचलला, आम्हाला दाखवला, परत डोक्यावर ठेवला आणि गेले. आम्हीही गेलो. काका म्हणाले, "मी मोकळी हवा म्हणालो होतो. उड्या मारा असं कुठे म्हणालो?"

मग फोनवर व्हिडिओतून वर्ग घ्यायचं ठरलं. मी इथून करून दाखवायचं, त्यांनी आपापल्या घरून करायचं. पहिल्या दिवशी पडद्यावर पाच पंखे, चार कपाळं, एक कानाची पाळी आणि शिवणताईंचं शिलाई मशीन एवढी मंडळी हजर होती. मोठ्या बाईंनी जुन्या सवयीने हजेरी घ्यायला सुरुवात केली. हजेरीत सतरा मिनिटं गेली, कारण जी ती म्हणत होती, "मी दिसतेय का?" आणि दुसरी म्हणत होती, "तुझा पंखा दिसतोय." कसेबसे हात वर घेतले, तोच चिमीने येऊन फोन चाटला. दीड वर्षाच्या जिभेत काय ताकद असते पहा. एका चाटीत अकरा बायका गायब.

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "नुसता आवाज रेकॉर्ड करून पाठव ना. कानात घालतील आणि करतील. फक्त जरा व्यवस्थित बोल. प्रोफेशनल वाटलं पाहिजे. त्या काचेवाल्यांसारखं."

कल्पना चांगली होती. (हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.) दुसऱ्या दिवशी दुपारी चिमी झोपली, सासूबाई वाचनालयात गेल्या, आणि मी बैठकीच्या खोलीत फोन ठेवून, घसा खाकरून, अतिशय प्रोफेशनल आवाजात सुरुवात केली. "नमस्कार. ताठ उभ्या राहा. दीर्घ श्वास घ्या. दोन्ही हात वर." नऊ मिनिटं अशी सुरेख गेली, की मला मीच काचेची वाटायला लागले. आणि मग आतून पावलं वाजली. टप, टप, टप.

मी लाल बटण दाबलं. रेकॉर्डिंग बंद केलं, चिमीकडे बघितलं, थोड्या वेळाने उरलेला भाग वेगळा करून जोडला आणि ग्रुपवर पाठवून दिलं. पाठवण्याआधी ऐकलं का, असं कुणी विचारील. दीड वर्षाच्या मुलीच्या आईला स्वतःचा आवाज ऐकत बसायला वेळ मिळतो असं ज्यांना वाटतं, त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर संदेश आले.

कॅशियर: 'आजचा व्यायाम वेगळाच! घाम फुटला.'

शिवणताई: 'ताई, पाठ मोकळी झाली. ते जमिनीवर पालथं पडून हात आत घालायचं फार छान.'

मोठ्या बाई: 'जीभ बाहेर काढण्याचा प्रकार केला. चेहऱ्यास उत्तम. रोज घ्यावा.'

मी दूध तापवत होते. जीभ? मी कुठे जीभ म्हटलं? दूध उतू गेलं ते गेलं, मी फोन कानाला लावला.

ऐकते तर काय! लाल बटण दाबल्याने रेकॉर्डिंग बंद झालंच नव्हतं. नऊ मिनिटांच्या त्या काचेच्या बाईनंतर, एकही श्वास न घेता, माझा खरा आवाज सुरू झाला होता. "अगं अगं अगं! उठलीस? ये, ये. हळू गं, पडशील. तोंडात काय आहे? काय खाल्लंस? तोंड उघड. मोठ्ठं. अजून मोठ्ठं. जीभ काढ बाहेर. आणखी बाहेर. शाब्बास माझी बाय! आता बस खाली. बस म्हटलं ना? उठलीस कशाला लगेच? बस. परत उठली! बस. अरे देवा, चेंडू गेला का सोफ्याखाली? थांब हं. पालथं पडायचं... हात आत घालायचा... अजून आत... डावीकडे... बोटं लांब... आलाऽऽ! आता इकडून पळायचं, तिकडून पळायचं, पकडलं! उचललं! फिरवलं! बास, आता पुसूया नाक."

अशी सतरा मिनिटं. अकरा घरांत अकरा सुजाण बायकांनी सकाळी साडेसातला तोंड उघडलं, जीभ काढली, बसल्या, उठल्या, बसल्या, उठल्या, पालथ्या पडून सोफ्याखाली हात घातला, स्वतःभोवती फिरल्या आणि शेवटी नाक पुसलं.

मी ओट्याशी टेकून उभी राहिले. चार वर्षांची इभ्रत! माझ्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे, चौकटीत लावलेलं. आणि मी एका निवृत्त मुख्याध्यापिकेला नाक पुसायला लावलं होतं.

"सांगून टाक खरं," नवरा म्हणाला.

"काही सांगू नको," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना आवडलंय ना? मग झालं तर. आवडलेल्या गोष्टीचं मूळ विचारायला जाऊ नये."

"आई, पण ही फसवणूक आहे," नवरा म्हणाला.

"फसवणूक कसली? घाम खोटा आला का त्यांना?"

मी सांगणारच होते. खरंच. पण मी फोन हातात घेतला तोवर ग्रुपवर वेगळाच पूर आला होता. सोफ्याखाली हात घातल्यावर तो रिकामा कसा परत येईल? शिवणताईंना तीन वर्षांपूर्वी हरवलेली कात्री सापडली होती. कॅशियरला नवऱ्याचं सिगारेटचं पाकीट सापडलं. चार वर्षांपूर्वी 'कायमची सोडली' होती त्यांनी. 'सध्या तेही माझ्याबरोबर व्यायाम करत आहेत,' तिने लिहिलं होतं. 'त्यांना पर्याय ठेवलेला नाही.' आणि मोठ्या बाईंच्या सोफ्याखालून निघाली एक तपासायची राहून गेलेली उत्तरपत्रिका. एकोणीस वर्षांपूर्वीची. त्यांनी ती तपासली, मुलाचा पत्ता शोधून त्याला फोन केला आणि गुण कळवले. मुलाला आता स्वतःची दोन मुलं आहेत. तो पास झाला होता. फोनवर रडला म्हणे.

आणि सगळ्यात खाली, एकीने सहज लिहिलं होतं: 'काचेच्या जिममध्ये उद्या जाऊन बघायचं होतं ना? तूर्त राहू दे. ताई, उद्याचं कधी पाठवताय?'

माझं बोट थांबलं. खरं सांगणं ही चांगली गोष्ट आहे, पण तिला वेळकाळ असावा. मी लिहिलं: 'पाठवते.'

आता आली पंचाईत. मी ठरवलं, चिमी झोपलेली असताना, चिमी नसताना, चिमी असल्याचं नाटक करायचं. प्रमाणपत्रधारक बाईला हे अवघड का जावं? मी रिकाम्या खोलीत उभी राहून म्हणाले, "अगं अगं, तोंडात काय आहे बरं?" भिंतीने काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅशियरचा संदेश: 'आज मजा नाही आली. जरा काचेच्या जिमसारखं वाटलं.'

म्हणजे खरी चिमीच हवी. मग दुपारी मी फोन लावून, तयार होऊन, ती उठण्याची वाट बघत बसले. एरवी कागद सरकला तरी उठणारी ही मुलगी त्या दिवशी तीन तास वीस मिनिटं झोपली. मी टाळ्या वाजवल्या. भांडी घासली, मुद्दाम आपटून. काकांनी भिंतीवर ठोकून विचारलं, "भांडण चाललंय का? सल्ला हवाय?" पण कार्टी ढिम्म. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या बापाला पण कामाच्या दिवशीच झोप लागायची."

शेवटी नाटक सोडून दिलं. फोन खिशात टाकायचा, चालू ठेवायचा आणि आपला दिवस जगायचा, एवढंच करायला लागले. चिमी कपाटाचं दार ओढते, मी दाबून धरते. चिमी टेबलाखाली शिरते, मी कमरेत वाकून मागे. चिमी मोजा काढते, मी घालते, ती काढते, मी घालते, एका पायावर उभी राहून. रोजच्या तासाभराच्या गोंधळातून मी वीस मिनिटं कापून घेत असे आणि पाठवत असे. मोठ्या बाईंनी एकेका प्रकाराला नाव दिलं. 'बंद दार', 'टेबलाखाली', 'हट्टी मोजा'. सासूबाईंनी आठव्या दिवशी 'मी नुसती बघते' म्हणून सुरुवात केली आणि दहाव्या दिवशी माझा जुना ट्रॅकसूट मागून घेतला. यात उडी मात्र एकही नव्हती. चिमीला अजून उडी मारता येत नाही.

रोज पाठवताना वाटायचं, आज सांगू. रोज वाटायचं, तपासणी होऊन जाऊ दे. रोज त्या लिहायच्या, 'छान झालं', आणि मी पुढचं रेकॉर्डिंग पाठवायचे. खोट्या पायावर चाललेल्या वर्गाच्या मजल्याची मजबुती तपासायला येणार होते सरकारी साहेब!

एकोणिसावा दिवस उजाडला. सील निघालं. साहेब या खेपेला तोंड घट्ट मिटून आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून आले होते. खाली दवाखान्यात डॉक्टरांच्या ट्रेवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला. पाणी हललं की आम्ही संपलो. सहाव्या खिडकीवाले कारकून कागद घेऊन शेजारी उभे, आणि दर मिनिटाला निरीक्षण लिहायची तयारी. वर हॉलमध्ये माझ्या अकरा जणी, बाराव्या सासूबाई. चिमीला सांभाळणार होत्या त्या सासूबाईच, पण 'माझं नाव यंत्रांत नसलं म्हणून काय झालं' म्हणत त्याच रांगेत येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा चिमीही वर.

मी म्हटलं, बरंच झालं. आज आवाज खिशातून नको, समोरूनच होऊ दे.

सुरुवात अशी झकास झाली! 'बंद दार' झालं. 'हट्टी मोजा' झाला, बहात्तर वर्षांच्या बाई एका पायावर बगळ्यासारख्या स्थिर. खालून कारकून ओरडायचे, "पाणी शांत!" मग मी कोपऱ्यातल्या कपाटापाशी पालथी पडले, खाली हात घातला आणि म्हणाले, "अजून आत... डावीकडे..." मागे बारा जणी पालथ्या. बारा हात लांब. कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. आणि मी मान वळवली तर दार उघडं आणि चिमी नाही.

"चिमी!"

ती बसून घसरत जिना उतरत होती. मी धावले. "अगं अगं अगं! हळू, पडशील!" माझ्यामागे बारा जणी धावल्या. जिना लोखंडी. त्यावरून तेरा बायका एकदम उतरल्या की कसा आवाज होतो, हे ज्यांनी ऐकलं नाही ते सुखी. चिमी दवाखान्यात शिरली, साहेबांच्या पायांमधून गेली, आणि त्यांनी सही करायला काढलेल्या पेनाचं टोपण स्टुलावर होतं ते उचलून तोंडात टाकलं.

मी तिला पकडलं. माझं प्रमाणपत्र, परवाना, पाण्याचा पेला, कशाचं भान राहिलं नाही. मी ओरडले, "तोंड उघड! मोठ्ठं! अजून मोठ्ठं! जीभ बाहेर!"

चिमीने तोंड उघडलं. टोपण माझ्या तळहातावर पडलं. मी डोळे मिटून तिला छातीशी धरलं.

डोळे उघडले तर काय! दारात दाटीवाटीने उभ्या बारा बायकांनी तोंडं उघडून जिभा बाहेर काढल्या होत्या. इतक्या दिवसांची सवय! कारकुनांनीही काढली होती. आणि साहेबांनी, हेल्मेटसकट. डॉक्टर एवढा वेळ भिंतीला टेकून होते, ते पुढे झाले, साहेबांच्या तोंडात डोकावले आणि म्हणाले, "वरची डावी बाजू परत दाखवायला या."

साहेबांनी तोंड मिटलं. मग सगळ्यांनी मिटलं. पेल्यातलं पाणी अर्धं सांडलेलं होतं.

"पाणी सांडलं," साहेब म्हणाले.

कारकुनांनी कागद पाहिला. "साहेब, वर व्यायाम चालू होता तेव्हा थेंब हलला नाही. सांडलं ते जिन्यामुळे."

"जिना..." साहेब विचारात पडले. "जिना आपल्याकडे येतो का?"

"नाही साहेब. जिने दुसऱ्या खात्याकडे."

"मग आपल्याला जिन्याचा हादरा लागलेला नाही," साहेब म्हणाले, आणि सही केली. टोपण मात्र त्यांनी परत घेतलं नाही. चिमीला दिलं. मी काढून घेतलं.

परवाना मिळाला, पण माझ्या डोळ्यांसमोर त्या बारा जिभा होत्या. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मी चिमीला कडेवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मला एक सांगायचंय. ते व्यायाम... ते व्यायाम नव्हतेच. मी हिच्याशी बोलत होते. पहिल्या दिवसापासून. मी तुम्हाला फसवलं. कुणाला काचेच्या जिममध्ये जायचं असेल तर मी समजेन."

कॅशियर फिस्सकन हसली. "ताई, मागे 'बाबाबाबा' करून वाटी आपटत होतं ते कोण? आम्हाला काय वाटलं, तुमचा सहायक आहे?"

"म्हणजे?"

"अहो, आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग तुम्ही जीभ का काढलीत?"

सगळ्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या गुडघा चोळत खालच्या पायरीवर बसल्या होत्या. "मी परवा त्या काचेच्या जिममध्ये जाऊन आले," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या वतीने. आरसेच आरसे. तिथला मुलगा म्हणाला, 'आजी, अजून दहा! वय विसरा!' मी का विसरू? एवढं मेहनतीने झालंय." त्यांनी चिमीच्या पायातून निघालेला मोजा परत चढवला. "चाळीस वर्षं मी मुलांना 'तोंड बंद' सांगत आले गं. मला कुणी 'मोठ्ठं उघड' म्हटल्याला साठ-पासष्ट वर्षं झाली असतील."

"आणि ते 'हळू गं, पडशील'," शिवणताई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "मी ते मागे घेऊन परत ऐकते. शिवताना. आमच्याकडे मी पडेन असं कुणाच्या मनातच येत नाही."

"मला तर 'शाब्बास माझी बाय'," कॅशियर म्हणाली. "दिवसभर काउंटरवर कोण म्हणतंय?"

सासूबाईंनी नाक पुसलं. ते त्या दिवशीच्या व्यायामात नव्हतं.

माझं तोंड, घरच्यांच्या मते कायम उघडं असणारं, पहिल्यांदाच मिटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला हॉल उघडला. नवऱ्याने कामावर उशिरा जाण्याची परवानगी काढली होती आणि चिमी घरी त्याच्या पोटावर गाढ झोपली होती. मी शिट्टी पुसली, पाठ ताठ केली आणि प्रमाणपत्रावरच्या आवाजात म्हणाले, "नमस्कार. दोन्ही हात वर घ्या."

एकही हात हलला नाही. बारा जणी नुसत्या बघत उभ्या. मोठ्या बाईंनी तर हाताची घडी घातली.

मी इकडेतिकडे पाहिलं. चिमी नव्हती, फोन नव्हता, काही सबब नव्हती. मला लाज वाटली, आणि मग नाही वाटली.

"अगं, चला गं माझ्या बायांनो," मी म्हणाले. "हळू. पडाल."

बारा जणींचे चोवीस हात वर गेले.